साडभाऊ, मशीन आणि मामींचा आकडा

भीती नावाची जी काही चीज आहे, तिचा वाशीम जिल्ह्याच्या वाट्याचा सगळा कोटा आमच्या साडभाऊंनी एकट्याने उचललेला आहे. आम्ही बाकीचे लोक थोडेफार धीट म्हणून मिरवतो ते आमच्या अंगात काही आहे म्हणून नव्हे, साडभाऊंनी आमच्यासाठी शिल्लकच काही ठेवलं नाही म्हणून. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे याला नुसतं साडू म्हणतात. आमच्या वऱ्हाडात त्याला भाऊ जोडतात, त्यामुळे भांडायची सोय राहत नाही. माणूस अंगाने आडदांड, मिशा भरघोस, आवाज असा की हाक मारली तर शेजारच्या वावरातले बैल थांबावेत. मुलगी पाहायला आले तेव्हा मी मनात म्हटलं, चला, घरात एक पैलवान आला, आता सासुरवाडीची भांडणं याच्या अंगावर ढकलता येतील. तेवढ्यात आढ्याला पाल चुकचुकली आणि हा पैलवान पोह्यांच्या ताटलीसकट माझ्या मांडीवर येऊन बसला.

बरं, भीती एका जातीची असती तर माणूस सांभाळून घेतो. यांच्या भीतीला ना शेंडा ना बुडखा. दाढी करायला बसले की वस्तरा गळ्याशी असताना न्हाव्याशी कुणी बोलू नये म्हणून हे दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना आधीच चहाला पिटाळतात. एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट धरतात आणि प्रत्येक वळणावर "जागे हाय ना, दादा?" म्हणून विचारतात. एका ड्रायव्हरने आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या अलीकडे गाडी उभी केली आणि "मंग तुमीच चालवा" म्हणून खाली उतरून सावलीत जाऊन बसला. त्याची समजूत घालायला सगळी गाडी उतरली. पोहरादेवीच्या यात्रेला पोरांना आकाशपाळण्यात बसवायला घेऊन गेले, तर पोचल्या पोचल्या आधी माईकवाल्याकडे जाऊन स्वतःचं नाव, गाव आणि शर्टाचा रंग सांगून आले. "हारपल्यावर घाबरून नाव नाही आठवलं तर?" असं त्यांचं म्हणणं. यावर काय बोलणार, कपाळ! वाशीमला एका दवाखान्यात आम्ही कुणाला तरी भेटायला गेलो होतो. तिथे लिफ्ट होती. हे अर्थातच जिन्याने चढले. पण वर पोचल्यावर पेशंटच्या खोलीत यायचं सोडून लिफ्टच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आतली अनोळखी माणसं सुखरूप बाहेर पडली, तेव्हा यांनी सुस्कारा सोडला आणि एका म्हातारीला हात देऊन खुर्चीपर्यंत नेलं. यांची भीती नुसती स्वतःपुरती नसते, ती येणाऱ्याजाणाऱ्याला पुरते.

अशा माणसाला नोकरी कोणती लागावी? विजेची. मीटर रीडरची. तीही एजन्सीमार्फत, म्हणजे आज आहे, उद्या नाही. दोन पोरं शाळेत, घरात दुसरी कमाई नाही, त्यामुळे नोकरी जाण्याची भीती आणि नोकरीवर जाण्याची भीती अशा दोन भीतींच्या मध्ये साडभाऊ रोज सकाळी मोटरसायकलला किक मारतात. मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधलेला लाकडी पाट असतो. आपण जेवायला बसतो तोच. दारोदार हा पाट मीटरखाली मांडायचा, पायात रबरी चपला, त्यावर उभं राहायचं, आणि मग मीटरकडे पाहायचं. पाटाशिवाय त्यांनी आजवर एकही रीडिंग घेतलेलं नाही. गावोगावच्या बाया हसतात. "बसा ना बापा पाटावर, हयद लावून देतो," असं, नवरदेवाला हळद लावावी तसं, एकीने म्हटल्यावर ते त्या गावात महिनाभर मान खाली घालून फिरले, पण पाट सोडला नाही. मीही पुष्कळ चिडवलं. माझा वाशीमला लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना आहे, तेव्हा म्हटलं, तुमची एक पत्रिका छापूनच टाकतो. ते नुसते हसले.

पूर्वी रीडिंग डोळ्यांनी वाचून लिहिलं की झालं. मग ती मशीन आली. तळहातापेक्षा मोठी, काळी-पिवळी, कोपऱ्यांना जाड रबर, मनगटात अडकवायला पट्टा, वजनाला अर्धी वीट. बाजूचं पिवळं बटण दाबलं की लाल उजेडाची रेघ निघते आणि मीटरवरच्या काळ्या पट्ट्या वाचते. पाठीमागे बारीक काचेचा कॅमेरा. त्याने मीटरचा फोटो काढायचा. फोटोत मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही स्वच्छ दिसलं पाहिजे. फोटोशिवाय रीडिंग पुढे सरकत नाही. आणि एकदा ओके दाबलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही तो पुसता येत नाही. तो मशीनीच्या पोटात बसून राहतो आणि टॉवर लागला की आपोआप वाशीमच्या ऑफिसात जाऊन पडतो. हे 'आपोआप' साडभाऊंच्या फार मनाला लागलं. "म्हंजे म्या नाही म्हनलं तरी जाईन?" त्यांनी ट्रेनिंग देणाऱ्याला तीनतीनदा विचारलं. ट्रेनिंगवाला पोरगा उत्साही होता. मशीन किती मजबूत आहे ते दाखवायला त्याने ती टेबलावरून धाडकन फरशीवर टाकली, पाण्याच्या बादलीत बुडवली, वर तिच्यावर उभा राहिला. साडभाऊंनी प्रत्येक वेळी डोळे झाकले. मग त्याने ती यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता तुम्ही टाका, काका." यांनी वाकून झोपलेलं लेकरू ठेवावं तशी ती फरशीवर ठेवली.

फ्लॅशची भीती, लाल रेघेची भीती, मीटरची तर होतीच. परिणामी साडभाऊ पाटावर उभे राहून, दोन्ही हात लांब ताणून, तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून फोटो काढायचे. ऑफिसात काय काय पोचलं असेल त्याची कल्पना करा. नुसती भिंत. भिंतीवरची पाल. गोऱ्ह्याचं अर्धं तोंड. एकदा साडभाऊंचा स्वतःचाच अंगठा, त्यावर मीटरचा नंबर म्हणून लाल गोल केलेला. फोटो तपासणाऱ्या इंजिनिअर मॅडमने बोलावून घेतलं. मॅडम वयाने यांच्या पोरीसारख्या, पण हे असे उभे राहिले की जणू फाशीच सुनावणार. "काका, डोळे उघडे ठेवून काढत जा." "मॅडम, डोये उघडे ठेवले का हात हालते." मॅडमला हसू आवरेना, पण त्यांनी बजावून सांगितलं की पुढच्या महिन्यात फोटो असेच आले किंवा गावाचं रीडिंग वेळेत आलं नाही, तर रूट दुसऱ्याला जाईल, मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. झालं. साडभाऊ रोज संध्याकाळी माझ्या छापखान्यात यायला लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढायची प्रॅक्टिस. महिनाभरात एक डोळा उघडा ठेवण्यापर्यंत मजल गेली. दुसरा डोळा मिटलेलाच. "एक त वाचला पायजे ना, भाऊ," असा हिशेब.

आता मामींबद्दल सांगितलं पाहिजे. मामी म्हणजे आमच्या दोघांच्या सासूबाई. जऊळक्याच्या पलीकडे खोलगटात त्यांचं खेडं आहे, तिथे त्या एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, हाडं चिवट, आणि जीभ अशी की तलाठी रस्ता बदलून जातो. जावयाचा मान मात्र त्या कधी मोडत नाहीत. शिव्या देतानासुद्धा आम्हाला अहोजाहो करतात. "मुडदा बसवला तुमचा, जवाईबुवा, आंगावर ऊन घेऊन आले, आधी पानी प्या," अशी त्यांची आपुलकी. साडभाऊंच्या भीतीच्या यादीत वीज दुसरी आणि मामी पहिल्या. माझ्याही यादीत, खरं सांगायचं तर, त्या फार खाली नाहीत.

मामींचं विजेशी भांडण होतं. त्यांच्या घरी मीटर आहे, बिल वेळच्या वेळी जातं. पण उन्हाळ्यात दुपारी गावठाणाची लाईट हटकून जाते आणि त्याच वेळी घरामागच्या वावरातून गेलेल्या शेतीच्या लाइनीत करंट असतो. मामींनी यावर सोपा तोडगा काढला होता. वायरीच्या टोकाला हूक, तो लांब बांबूने उचलून लाइनीवर अडकवायचा, म्हणजे आकडा टाकायचा. की पंखा सुरू, मालिका सुरू. गावात अर्ध्या घरी हेच. मी एकदा भीतभीत बोलून पाहिलं, तर म्हणाल्या, "लाईन माह्या धुऱ्यावरून गेली ना? धुऱ्यावरच्या बोरीचे बोरं मी खातो. ते चोरी हाय का? मंग हे काहून चोरी?" धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, ती बोरं मीही दरवर्षी खात आलेलो, तेव्हा विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. रीडिंग द्यायचा शेवटचा दिवस होता. मी पत्रिकांचा गठ्ठा बांधत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"जयभीम, भाऊ. मी मेलो."

साडभाऊ आठवड्यातून एकदा तरी मरतात, त्यामुळे मी गाठ मारणं थांबवलं नाही. "मेले तर फोन कोण करून राह्यलं?"

"भाऊ, मशीनीत मामी आली."

मला वाटलं, उन्हाने डोकं गेलं. मग हळूहळू उलगडा झाला. साडभाऊ मामींच्या शेजारच्या घरी गेले होते. तिथलं मीटर बाहेरच्या भिंतीला, अगदी कोपऱ्यावर. पाट मांडला, हात लांब केले, एक डोळा उघडा ठेवला आणि फोटो काढला. नंबर स्वच्छ, रीडिंग स्वच्छ. आयुष्यातला पहिला निर्दोष फोटो. आनंदाच्या भरात ओके दाबलं. गावाबाहेर पडून बाभळीखाली पाणी प्यायला थांबले तेव्हा कौतुकाने पुन्हा उघडून पाहिला, तर भिंत जिथे संपते तिथून पुढे मामींचं परसदार, आणि परसदारात साक्षात मामी, पदर खोचलेला, दोन्ही हात वर, हातात बांबू, बांबूच्या टोकाला वायर, आणि वायर लाइनीला टेकलेली. फोटो पुसता येत नाही. मशीनीत दुसऱ्या कंपनीचं सिम, ते खोलगटात लागत नाही. पण जऊळक्याच्या स्टेशनाजवळ टॉवर आहे, तिथे गेलं की आपोआप जाणार. गेला तर मामींवर चोरीची केस. नाही गेला तर आख्ख्या गावाचं रीडिंग अडकणार आणि नोकरी जाणार. साडभाऊ ना पुढे जाऊ शकत होते ना मागे, बाभळीखाली उभे होते.

मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. पोचलो तर पाटावर साडभाऊ बसलेले, चेहरा राखेसारखा, आणि मांडीवर जेवणाचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेला. भाकरी बाजूला फडक्यावर काढलेली. "हे काय?" म्हटलं. कुजबुजत म्हणाले, "मशीन आत हाय. इस्टीलातून रेंज जात नाही म्हंतात." जणू मशीनीला ऐकू गेलं तर ती चवताळली असती.

मी तसा कामाचा माणूस. म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे, मशीन फुटली म्हणून सांगा, विषय संपला. साडभाऊंनी सरकारी मालमत्ता, एजन्सी, नुकसानभरपाई असलं काहीबाही पुटपुटत डबा माझ्या हाती दिला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. मी मशीन काढली आणि रस्त्याकडेच्या दगडावर आपटली. ती टुणकन उडाली आणि माझ्याच नडगीवर बसली. नडगी सुजली, मशीनीला ओरखडा नाही. पुन्हा आपटली. मग शेजारच्या वावरात गुरांचा हौद होता त्यात बुडवून धरली, पाचशे शिव्या देईस्तोवर. बाहेर काढली तर पडदा लख्ख धुतला गेलेला आणि फोटो आधीपेक्षा छान दिसायला लागलेला. मग स्कूटर तिच्यावरून नेली. स्कूटर घसरून मी हौदापाशी चिखलात बसलो. साडभाऊ एक डोळा उघडून म्हणाले, "भाऊ, तुमाले लागन. राहू द्या." मशीनीने त्याच वेळी टूँ केलं, आणि आम्ही दोघेही उडालो. बॅटरी कमी झाली म्हणून सांगत होती बिचारी.

चिखल पुसत मी म्हटलं, बघू तरी कशी दिसते म्हातारी. पडद्यावर मामी होत्या आणि मला हसूच फुटलं. काय तो आविर्भाव! जत्रेत झेंडा नाचवावा तसा बांबू धरलेला. मी हसत हसत मशीन साडभाऊंपुढे धरली. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. मामींच्या पायांपाशी आणला. पाय अनवाणी होते. न्हाणीच्या ओल्या दगडावर एक, चिखलात एक. मग वर सरकवला, वायरीपाशी. वायर जुनीपानी, मधे मधे वरचं आवरण सोललेलं, आतलं तांबं उघडं. त्या उघड्या तांब्यापासून मामींचं बोट जेमतेम दोन बोटं अंतरावर होतं. कॅमेरा भला मजबूत, सगळं स्वच्छ टिपलेलं. साडभाऊ बराच वेळ पाहत राहिले. मी बोलत होतो, ते ऐकत नव्हते. दोन्ही डोळे उघडे होते.

"आमच्या काकाले म्या असंच पाह्यलं होतं," ते म्हणाले. "पाचवीत होतो मी. काका आकडा टाकून राह्यले होते, मी खाली वायर धरून देत होतो. काकानं मले म्हनलं, तू बाजूले हो, आंब्याखाली जाऊन बस. मी गेलो. वयून पाह्यलं त काका हासून राह्यला वाटलं मले. तोंड तसं झालतं त्याचं. हात नाही सुटला, भाऊ. मी हासलो त्याच्याकडे पाहून."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या पाटाला हसत होतो. मला त्या उन्हात हुडहुडी भरली. साडभाऊंच्या भीतीतली थोडी कुणीतरी माझ्या अंगावर ओतल्यासारखं झालं, आणि ती भीती मुळीच गमतीची नव्हती.

"आपण परत जाऊ," मी म्हटलं. "मामींना समजावून सांगू."

"तुमी सांगता?"

मी स्कूटरचा आरसा पुसायला लागलो.

"त्या आयकन्नार नाहीत. तुमचं नाही, माह्यं नाही, पोरीयचं नाही." त्यांनी मशीन रुमालाने पुसली. "भाऊ, केस होऊ द्या. मामी माह्यं तोंड नाही पाहनार. मले लय भेव लागून राह्यलं. पन उद्या लाईट जाईन ना? परवा जाईन. मामी रोज तिथं उभी राहीन." एवढं बोलून त्यांनी पाट बांधला, मशीन मनगटात अडकवली आणि किक मारली. चौथ्या किकला गाडी लागली. मी मागून स्कूटरवर. जऊळक्याच्या स्टेशनापाशी टॉवरच्या अगदी बुडाशी जाऊन ते उभे राहिले आणि मशीन डोक्याच्या वर धरली. हात लाकडासारखे ताठ. जरा वेळाने मशीन वाजली. "गेला," ते म्हणाले, आणि तिथेच मातीत बसून भडाभडा ओकले. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो.

वीजचोरी पकडणारं पथक आलं. वायर जप्त झाली, बांबूही घेऊन गेले, कागद झाले, दंड झाला. साहेबांनी पुरावा म्हणून मामींना फोटो दाखवला. मामींनी तो लांब धरून, जवळ धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "पदर नाही दिसून राह्यला धड. कोन्या मेल्यानं काढला?" मग शेजारचं मीटर दिसलं आणि मेला कोण ते त्यांच्या ध्यानात आलं. पुढे काय झालं ते लिहिण्याजोगं नाही. एवढंच सांगतो की साडभाऊंच्या बायकोने दहा दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि आमच्या घरीही ताटं जरा जोरातच आदळली जात होती. आणि इतकं सगळं होऊन आठवड्याभरात मामींनी नवीन वायर आणि नवीन बांबू पैदा केला. शेजारणीने फोन करून सांगितलं. साडभाऊ छापखान्यात येऊन स्टुलावर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. ते तसे बसलेले पाहून मलाच रडू यायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माफी मागावी म्हणून त्यांनी मामींना फोन लावला. योगायोगाने लाईट नुकतीच गेली होती. मामींनी नाव ऐकलं आणि जी सुरुवात केली ती लाईट येईपर्यंत थांबल्या नाहीत. "तोंडात माती पडो तुमच्या, जवाईबुवा! म्हातारीचा फोटो काढता? तुमच्या मशीनीले वाळवी लागो!" असं घटकाभर. लाईट आली, मामींनी फोन आपटला. साडभाऊ तसेच पळत माझ्याकडे आले. मला वाटलं, आता हे नक्की मेले. पण चेहरा उजळलेला. "भाऊ, मामीच्या एका हातात फोन होता!" मला काही समजेना. "एका हातानं बांबू नाही उचलत त्याहिच्यानं. जोवर मामी मले शिव्या देऊन राह्यली, तोवर आकडा नाही!"

तेव्हापासून हा नेम सुरू झाला. कोणत्या गावाची लाईट कधी जाणार हे साडभाऊंना धंद्यामुळे ठाऊक. मामींच्या गावची लाईट गेली रे गेली की हे जिथे असतील तिथून फोन लावतात. पाटावर उभे, एका हातात मशीन, कानाखांद्यात फोन, आणि कानात सासूबाई. एकदा चुकून स्पीकर सुरू राहिला. मामी "आग लागो तुमच्या मिशांले" म्हणाल्या, तर त्या घरच्या मिशाळ म्हाताऱ्याने मशीनीपुढे हात जोडले. मामी बोलून बोलून दमल्या की हे हळूच काडी टाकतात. "मामी, तुमची तूर यंदा बरी नाही म्हने लोकं." की मामी नव्या दमाने सुरू. त्यांच्यापुढे उभं राहायची माझी आजही छाती होत नाही, आणि हा माणूस रोज दुपारी त्यांना मुद्दाम खिजवतो, घाम पुसत. शेजारीण सांगते, नवा बांबू तेव्हापासून मिरच्या वाळवायच्या कामी लागलाय. हे मी बायकोला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती धाकटीकडे डबाभर शेव घेऊन गेली.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याचं कारण मागच्या आठवड्यातलं. दुपारची वेळ, मी पत्रिकेचं एक प्रूफ तपासत होतो. साडभाऊ आत आले. डोक्यावर हेल्मेट तसंच. हेल्मेटच्या आत चेहरा नव्हताच म्हणा, नुसते डोळे.

"भाऊ, लाईट गेली त म्या मामीले फोन लावला."

"मग? जास्त बोलल्या?"

"काईच नाही बोलल्या. मंग म्हने, बापू, जेवला का?"

मी हसलो. "बरं झालं की, राग गेला म्हातारीचा."

"तूर खराब हाय म्हनलं म्या. दोनदा म्हनलं." त्यांनी हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "त म्हने, असन बापा. उनात नोको फिरू."

प्रूफ माझ्या हातात तसंच राहिलं. मामींनी तूर खराब आहे हे कबूल केलं होतं. मी शटर ओढलं आणि साडभाऊंच्या मागे बसलो. ज्या माणसाच्या गाडीला सायकली मागे टाकतात, त्याने त्या दिवशी अशी गाडी हाणली की मी दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून बसलो. जऊळक्याच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्यांनी मागे न पाहता आपला फोन माझ्याकडे दिला. "तुमी लावा. तुमाले तरी शिवी देतात का पाहा."

मी फोन लावला. बरीच घंटी वाजल्यावर मामींनी उचलला. आवाज दुरून आल्यासारखा, बारीक. मी म्हटलं, मामी, मी बोलतो. त्या थोडं थांबल्या. "दोघंबी येऊन राह्यले का? या. लाईट नाही, अंगनात बाज टाकून ठेवतो. सावकाश या, बापू."

"देल्ली का शिवी?" साडभाऊ पुढून ओरडले.

"देल्ली," मी म्हटलं. "लय खराब देल्ली. तुमाले अन् मलेबी."

तेव्हा कुठे त्यांनी गाडी जरा हळू केली.